यादीत पांढरकवडा नाही

जून लागला की पांढरकवड्यातल्या झेरॉक्सच्या आणि नेट कॅफेच्या दुकानांत उभं राहायला जागा उरत नाही. बारावीचा निकाल हाती आलेला असतो, पावसाचा पत्ता नसतो आणि प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेली कागदांची चळत असते. अर्ज भरायला बसलेला मुलगा पडद्यावर जिल्हा निवडतो : यवतमाळ. मग तालुक्यांची यादी उघडते. तो वरून खाली आणि खालून वर दोनदा फिरतो. पुसद दिसतं, पांढरकवडा दिसत नाही.

दिसणार कसं? तालुक्याचं नाव केळापूर आहे. तहसील कार्यालय पांढरकवड्यात, बाजार पांढरकवड्यात, कॉलेजही इथंच. पण सरकारी कागदावर तालुका म्हणून नाव लागतं ते जगदंबेच्या देवळासाठी ओळखल्या जाणाऱ्या शेजारच्या लहानशा केळापूरचं. गंमत इथंच संपत नाही. आदिवासी विद्यार्थ्याच्या अर्जात पुढे प्रकल्प कार्यालय विचारतात, तेव्हा बरोबर उत्तर 'पांढरकवडा' असतं, कारण एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय त्याच नावानं आहे. म्हणजे एकाच अर्जात एकाच गावाला दोन नावांनी हाक मारायची, आणि कोणत्या रकान्यात कोणती ते आपलं आपण ओळखायचं. शिवाय इंग्रजीत पांढरकवड्याचं स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधार कार्डावर दुसरं असलं की दुकानदार मान हलवतो.

मुलगा बारा वर्षं शाळेत गेलेला असतो. त्यानं कविता पाठ केल्या, रसग्रहणं लिहिली, पत्रलेखनाचे गुण मिळवले. पण असा कागद कसा वाचायचा, हे त्याला शिकवायची जबाबदारी कुठल्याच विषयाकडे नव्हती.

जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे सात वर्षांवरील ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येतं, ती साक्षर. २०११च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्यातले ८२ टक्क्यांहून जास्त लोक या व्याख्येत बसले. आकडा वाईट नाही. मात्र 'समजून' या शब्दात काय काय येतं, हे गणकाच्या तक्त्यात मावत नाही. पाटी पुढे केल्यावर नाव लिहिता येणं ही एक पायरी आणि बँकेच्या कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी कुठं थांबायचं हे कळणं ही दुसरी. मधल्या जिन्याचं मोजमाप फार उशिरा सुरू झालं.

ते मोजणाऱ्यांत 'प्रथम' ही संस्था ठळक. १९९५मध्ये मुंबईत सुरू झालेल्या या संस्थेनं २००५पासून 'असर' नावाची पाहणी चालवली. एरवी ती लहान मुलांचं वाचन तपासते. २०२३मध्ये मात्र तिनं चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींना गाठलं. २६ राज्यांतले २८ ग्रामीण जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातून आपला पैनगंगेपलीकडचा शेजारी नांदेड होता. एकूण ३४ हजारांवर तरुण-तरुणी भेटल्या. त्यांच्यातली ८६ टक्क्यांहून जास्त मुलं कुठं ना कुठं शिकत होती. तरीही सुमारे चौथा हिस्सा असा निघाला, ज्याला आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही.

याच पाहणीतली एक कृती जास्त बोलकी आहे. मुलांच्या हातात ओआरएसचं, म्हणजे जुलाब झाल्यावर पाण्यात घालून द्यायच्या मिठा-साखरेच्या पुडीचं पाकीट दिलं. त्यावरच्या सूचना वाचा आणि चार प्रश्नांची उत्तरं द्या. ज्यांना किमान पहिलीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता, त्यांनाच हे विचारलं होतं. त्यांतल्या दोन तृतीयांश मुलांना चारपैकी तीन किंवा चारही उत्तरं देता आली. उरलेल्या एका तृतीयांशाला अक्षरं येत होती, पुडी येत नव्हती.

पांढरकवड्याच्या आसपास या पुडीला एक भयंकर भावंड आहे. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडोंना दवाखान्यात दाखल करावं लागलं. त्याचं खापर निरक्षरतेवर फोडणं अन्यायाचं होईल. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, दोन-तीन औषधं एकत्र मिसळण्याची पद्धत पडली होती, अंगावर हातमोजे-मुखवटा नव्हता, उकाड्यात तो घालवतही नाही. पण औषधाच्या डब्यासोबत कायद्यानं सक्तीची एक घडीपत्रिका असते, ती वाचायचं काम घरातल्या शिकल्या पोराकडे येतं. म्हणून ती एकदा उलगडून पाहायला हवी.

कागद पोथीसारखा घड्यांचा आणि अक्षर मुंगीएवढं. हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषांची तिथं एकच गर्दी. डब्यावर एका कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. गावाकडे हिरवा रंग पाहून 'हे पिकाचं औषध' असा अर्थ लावणं अगदी स्वाभाविक आहे, आणि लाल म्हणजे 'जोरदार, लवकर काम करणारं'. चिन्ह वाचायलाही शिकावं लागतं ते असं.

मग मात्रा. पत्रिकेत ती हेक्टरी दिलेली असते. शेतकरी एकरात बोलतो आणि पंपात मोजतो. समजा, हेक्टरी २५० मिली औषध ५०० लिटर पाण्यातून द्या असं लिहिलं आहे आणि पाठीवरचा पंप १६ लिटरचा आहे. पंपाला ८ मिली. सातवी-आठवीचं त्रैराशिक. शाळेत हेच गणित मजुरांवर आणि दिवसांवर हजार वेळा सोडवून घेतात, पंपावर क्वचितच. म्हणून बांधावर उभा राहिलेला बारावी पास मुलगा पत्रिका घडी घालून खिशात ठेवतो आणि झाकणानं अंदाजे मोजतो, कारण कृषी केंद्रवाल्यानं 'दोन झाकणं' सांगितलेलं असतं.

वाचनाचा अभ्यास करणारे मजकुराचे दोन ढोबळ प्रकार सांगतात. एक सलग चालणारा : गोष्ट, लेख, धडा. दुसरा तुकड्यांचा : तक्ता, नकाशा, अर्ज, पावती, वेळापत्रक, लेबल. पंधरा वर्षांच्या मुलांची जगभर घेतली जाणारी 'पिसा' चाचणी दोन्ही तपासत आली आहे. आपली शाळा बहुतेक सगळा वेळ पहिल्या प्रकाराला देते आणि आयुष्य बहुतेक सगळे कागद दुसऱ्या प्रकारचे पाठवते. सातबारा घ्या. वर नमुना सात, खाली नमुना बारा. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, नावांपुढे कंसात फेरफाराचे क्रमांक, रद्द झालेली नोंद कंस करून ठेवलेली. २०२१च्या स्वातंत्र्यदिनी राज्यानं ई-पीक पाहणी सुरू केली, तेव्हापासून पेऱ्याची नोंद मोबाइलवरून शेतकऱ्यानंच करायची आहे. ती राहिली तर पुढे विमा आणि खरेदी दोन्हीकडे अडतं. हे काम घराघरात कोणी केलं? अकरावी-बारावीतल्या मुलामुलींनी.

या तालुक्यात आणखी एक गोष्ट हे वाचन अवघड करते. महामार्ग ४४ वरून दक्षिणेला गेलं की पाटणबोरी, मग पैनगंगा आणि पलीकडे तेलंगण. पांढरकवड्याच्या बाजारात वऱ्हाडी ऐकू येते, तेलुगू येते, बंजाऱ्यांची गोरमाटी येते, गोंडी येते आणि पोडांवरून, म्हणजे आपल्या वस्त्यांवरून, आलेल्या कोलामांची कोलामी येते. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक, कातकरी आणि माडिया गोंडांबरोबर. त्यांची भाषा द्राविड कुळातली. मराठीशी तिचा शेजार आहे, नातं नाही. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञांनी वर्धा भागातल्या कोलामीचा अभ्यास करून १९५५मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातर्फे तिचं व्याकरण छापलं. बर्कलेच्या ग्रंथालयात कोलामी पोहोचून सत्तर वर्षं झाली. पोडावरच्या पोराला मात्र पहिल्या दिवशी शाळेत भेटते ती पुस्तकी मराठी, त्याच्यासाठी दुसरी भाषा. घाटावरच्या मुलाला जे वाक्य आपोआप कळतं, ते याला उलगडावं लागतं. दहावीपर्यंत तो ते शिकतो. आणि विज्ञान शाखेला गेला की पुस्तकं इंग्रजी होतात; अकरावीला मराठीऐवजी माहिती तंत्रज्ञान घेता येतं, गुणही चांगले पडतात, म्हणून अनेक जण मराठी तिथंच सोडतात. नुकती जमू लागलेली भाषा हातातून जाते, नवी अजून आलेली नसते. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा आता मराठीसह तेरा भाषांत देता येते हे खरं. पण वर्गात, गाइडांत आणि शिकवणीत शब्द इंग्रजी असतील तर प्रश्नपत्रिका मराठी असून फारसं भागत नाही.

एवढ्यात तिसरी भाषा समोर उभी राहते. तिला मराठी म्हणतात, पण ती कुणाच्या घरी बोलली जात नाही.

'उपरोक्त विषयास अनुसरून', 'सक्षम प्राधिकाऱ्याने निर्गमित केलेले', 'विहित नमुन्यात', 'साक्षांकित प्रत', 'अटींच्या अधीन राहून अनुज्ञेय'. महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर दोनच महिन्यांनी, जुलै १९६०मध्ये भाषा संचालनालय सुरू झालं आणि इंग्रजी कारभाराला मराठी शब्द पुरवण्याचं खरोखर मोठं काम त्यानं केलं. त्या पिढीला दोष देऊ नये. त्यांच्यापुढे रिकामी पाटी होती. पण 'अनुज्ञेय' हा शब्द शिष्यवृत्तीच्या सूचनेत पहिल्यांदा वाचणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीला तो मराठी वाटत नाही. तिच्या दृष्टीनं साधा प्रश्न आहे : पैसे मिळणार की नाही? 'अनुज्ञेय राहील' म्हणजे मिळतील, 'अनुज्ञेय राहणार नाही' म्हणजे नाही. वाक्य तीन ओळींचं असतं आणि तो 'नाही' शेवटी येतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी थेट खात्यात रक्कम देणारी 'स्वयं' योजना २०१६-१७पासून आहे. ती कुणाला, कोणत्या शहरात, कोणत्या अटीवर, हे सगळं अशाच वाक्यांत आहे. आधार मिळणं न मिळणं त्या वाक्याच्या क्रियापदावर टांगलेलं असतं.

सगळ्यांत कठीण वाचन मात्र जात वैधता प्रमाणपत्राचं. राखीव जागेवर इंजिनिअरिंग, वैद्यकीय, कृषी अशा अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही. तो तपासून समितीनं दिलेलं वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठीचा राज्याचा कायदा २००१मध्ये अमलात आला. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख महत्त्वाची, कारण राष्ट्रपतींचा जमातींच्या यादीचा आदेश त्या दिवशीचा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे बारावीतल्या मुलानं आपल्या आजोबा-पणजोबांची त्या आधीची नोंद शोधायची. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, जन्ममृत्यूची कोतवाल बुकातली नोंद, जुने महसुली अभिलेख. त्यावरून वंशावळ मांडायची, नावं जुळवायची. आजोबांचं नाव एका ठिकाणी 'लेतू', दुसरीकडे 'लेत्या', तिसरीकडे गुरुजींनी सुधारून 'लक्ष्मण' केलेलं असू शकतं, आणि हे तिघे एकच हे पटवून द्यावं लागतं. इतिहासाच्या एम.ए.च्या विद्यार्थ्याला 'साधनचिकित्सा' या नावानं जे शिकवतात, ते पांढरकवड्यातला पोरगा बारावीच्या वर्षात, प्रयोगवह्या सांभाळत, न शिकवता करतो. त्याचे गुण कुठंच मिळत नाहीत.

आणि एकेक अक्षर किती जड असतं, हे विदर्भाला वेगळं सांगायला नको. महाराष्ट्राच्या जमातींच्या यादीत 'गोंड गोवारी' अशी नोंद आहे. ती नेमकी कुणाची, गोवारी समाज त्यात येतो की नाही, या प्रश्नावर २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळाच्या अधिवेशनावर आलेल्या मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण मेले. २०१८मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोवारींच्या बाजूनं निकाल दिला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. त्याआधी, यादीतल्या 'हलबा' या नोंदीत हलबा-कोष्टी येतात का या वादात, एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या प्रवेशातून सुरू झालेल्या खटल्यात २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलं होतं की यादीतली नोंद जशी लिहिली आहे तशीच वाचायची, तिच्यात आपल्याकडून काही मिळवायचं नाही. निकाल कुणाला पटो वा न पटो. दोन शब्द कसे वाचायचे यावर पिढ्यांचं शिक्षण अडतं, हे त्या घरांतली मुलं लहानपणापासून पाहत आली.

मग शाळा-कॉलेज काय करतं? इथं थोडा न्याय केला पाहिजे. पुस्तकं वाटतात तितकी मागासलेली नाहीत. अकरावीच्या 'युवकभारती'त मुद्रितशोधन, अनुवाद, सूत्रसंचालन आहे. बारावीच्या पुस्तकात 'उपयोजित मराठी' या भागात मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख आहेत. प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली, पाठांतराऐवजी आकलन तपासायचं ठरलं. कल्पना चांगली होती. पण फेब्रुवारी जवळ आला की बाजारात 'अपेक्षित प्रश्नसंच' येतात आणि आकलनसुद्धा पाठ करता येतं हे सिद्ध होतं. 'अहवालाची वैशिष्ट्ये लिहा' या प्रश्नाचं उत्तर मुलांना तोंडपाठ असतं. गावातल्या ग्रामसभेचा प्रत्यक्ष अहवाल लिहा म्हटलं की वही कोरी. माहितीपत्रकावर आठ ओळी लिहिणारी मुलगी कीटकनाशकाची घडीपत्रिका हे माहितीपत्रकच आहे, असं ओळखत नाही, कारण तसं तिला कुणी दाखवलेलं नाही. खरं तर मराठीच्या तासाला यापेक्षा चांगलं साहित्य मिळायचं नाही, आणि ते गल्लोगल्लीच्या कृषी केंद्रात फुकट आहे.

पोलीस भरतीचं तसंच. पहाटे पांढरकवड्याच्या रस्त्यांवर धावणारी मुलं दिसतात. मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी १०० गुणांची. लेखीत गणित, बुद्धिमत्ता, सामान्यज्ञान आणि मराठी व्याकरण. अभ्यासिकेत बसून मुलं समास सोडवतात, अलंकार ओळखतात. निवड झालेल्या शिपायाला नंतर लिहावे लागतात ते पंचनामे आणि जबाब. घटनास्थळाच्या उत्तरेला काय, दक्षिणेला काय, कुणी पाहिलं, किती वाजता. तिथं उपमा चालत नाही. एखादं 'अंदाजे' चुकीच्या जागी पडलं तर कोर्टात खटला ढिला होतो. व्याकरणाचे गुण नोकरी मिळवून देतात आणि नोकरीत लागणारं लेखन मग अनुभवी हवालदाराकडून शिकावं लागतं.

उच्च शिक्षणाच्या दारातली अडचण ओळखून जिल्ह्यातच एक काम उभं राहिलं. बुलढाणा जिल्ह्यातून आलेले, घरातले पहिल्या पिढीचे पदवीधर राजू केंद्रे यांनी २०१७मध्ये यवतमाळमध्ये एकलव्य इंडिया फाउंडेशन सुरू केलं. ते स्वतः पुढे चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआसमध्ये शिकले. शेतकरी, मजूर, आदिवासी, भटक्या घरांतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांनी देशातल्या नामवंत विद्यापीठांपर्यंत पोहोचावं, यासाठी प्रवेश परीक्षा, अर्ज आणि मुलाखत यांची तयारी करून घेणं हे त्यांचं काम. या वाटेवर हुशारीइतकाच आणखी एक कागद आडवा येतो. मुलं त्याला 'एसओपी' म्हणतात : तुम्ही कोण, हा अभ्यासक्रम का, पुढे काय करणार, हे पाचशे-हजार शब्दांत सांगायचं. वर्षानुवर्षं निबंधात 'मी' फक्त 'मी पंतप्रधान झालो तर' किंवा 'मी फुटकी छत्री बोलतेय' एवढ्यापुरता आलेला असतो. खऱ्या 'मी'ला शाळेच्या वहीत जागा नव्हती. त्यामुळे पहिला मसुदा बहुतेक एकसारखा निघतो. वडील गरीब शेतकरी, आई कष्टाळू, लहानपणापासून समाजसेवेची आवड. खोटं त्यात काही नसतं, फक्त त्यात लिहिणारा कुठं सापडत नाही.

अशा मसुद्यासोबतच्या अर्जात 'अनुभव' हा मथळा असतो आणि पोडावरून शिकत आलेली मुलगी तिथं रेघ ओढून 'निरंक' लिहिते. हाही तिनं सरकारी अर्जातूनच शिकलेला शब्द. मग समोर बसलेल्यानं विचारायचं : गावात कुणाचं काय वाचून देतेस? आधी ती हसते. मग आठवत जातं. बँकेतून आलेला मेसेज. रेशनच्या केवायसीची तारीख. मावशीच्या प्रसूतीच्या कार्डावरच्या पुढच्या तपासणीचा दिवस. शेजारच्या काकांची ई-पीक पाहणी, नेटवर्क नव्हतं म्हणून टेकाडावर चढून केलेली. दोन बहिणींच्या वंशावळीचा तक्ता. फवारणीचा डबा, 'यावरचा रंग कोणता गं' म्हणून. आठवीपासून. कोलामीत ऐकायचं, मराठीत वाचायचं, इंग्रजीत टाइप करायचं आणि परत कोलामीत सांगायचं.